झाकणाच्या आतलं कुंकू

आघाडीचं सरकार म्हटलं की मला खोबरेल तेलाचा वास येतो. हसा हवं तर. परवा निकालाच्या दिवशी बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मुलगा घरूनच काम करत होता. एका स्क्रीनवर ऑफिसची मीटिंग, दुसऱ्यावर आकडे. कुणालाच बहुमत नाही हे स्पष्ट झालं तसा तो हेडफोन काढून म्हणाला, "आई, आता परत ती ओढाताण. स्टेबल नाही राहणार हे." मी भाजी निवडत होते. म्हटलं, अरे बाबा, आघाडीच्या ओढाताणीचं मला सांगू नकोस, मी सतरा वर्षांची असताना एक आख्खं सरकार माझ्या पाच बोटांवर अडलं होतं. त्याला वाटलं आई नेहमीसारखं काहीतरी वाढवून सांगतेय. खरं सांगते, वाढवलंय अगदी थोडंच. बाबा गेले, आईही गेली, आता ते सांगणारी मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहून ठेवते.

आम्ही तेव्हा बनशंकरीत राहायचो, दत्तोजीअण्णांच्या घरात वरच्या मजल्यावर. अण्णा मराठीच, पण त्यांच्या किती पिढ्या इथे झाल्या ते त्यांनाही सांगता येत नसे. त्यांचं कापडाचं दुकान होतं. मराठी बोलायचे ते आमच्यासारखं नव्हे, मध्येच 'सरी सरी' म्हणजे बरं बरं, मध्येच 'स्वल्प थांबा' म्हणजे जरा थांबा, आणि प्रत्येक वाक्याला शेवटी एक 'की'. बाबांना ते 'साठे सार' म्हणायचे, म्हणजे सर. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणायची. आम्ही सांगलीकडचे, बाबांच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीपायी इथे आलेले. आई सुरुवातीला अक्कांच्या मराठीला नाकं मुरडायची आणि अक्का आईच्या आमटीतल्या गुळाला. पुढे दोघींची अशी काही गट्टी जमली की सकाळी खालून चित्रान्नाचा, म्हणजे फोडणीच्या लिंबूभाताचा, वाडगा वर यायचा आणि दुपारी वरून थालिपीठ खाली जायचं, आणि वाडगा रिकामा परत पाठवायचा नाही असा दोघींचा न बोलता ठरलेला करार होता. बाबा चहावाले, अण्णा कॉफीवाले. टीव्ही फक्त अण्णांकडे. त्यामुळे बातम्या बघायच्या तर खाली जायचं आणि अक्कांची कॉफी गुपचूप घशाखाली घालायची, हे बाबांनी देशाच्या राजकारणासाठी केलेलं मोठंच बलिदान होतं.

राजकारण मात्र दोघांचं उभं-आडवं. अण्णा एका पक्षाचे नुसते मतदार नव्हते, कार्यकर्ते होते. उमेदवार गल्लीत आला की हार अण्णांच्या दुकानातून जायचा. बाबा कुठल्याच पक्षाचे नव्हते. ते नियमाचे होते. कारखान्यात ते तपासणी खात्यात होते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधण्याचा त्यांना पगार मिळायचा, आणि ते काम ते घरीही फुकट करायचे. पोळी हातात घेतली की आधी उलटून बघणार. माझी वही उलटून बघणार. दुकानातून आणलेली बादली तर दिव्याखाली धरून तीनदा फिरवणार. "वरून सगळंच छान दिसतं," म्हणायचे, "उलटं करून बघावं." आई चिडायची. म्हणायची, लग्नाआधी मला उलटं करून बघितलं नाहीत, तेवढी एक चूक राहिली तुमची!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बेंगळुरूत आयुधपूजा असते ती ज्यांनी पाहिली नाही त्यांना काय सांगावं. बस, रिक्षा, शिवणयंत्र, कात्री, मोटारी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा. बाबांच्या कारखान्यातही मोठमोठ्या यंत्रांना कामगार कुंकवाचे पट्टे ओढायचे आणि दारात कुंकू भरलेला कोहळा फोडायचे. आम्ही घरचे सगळे त्या दिवशी कारखाना बघायला जायचो. मला ते भयंकर आवडायचं. गार लोखंडावर लालभडक पाच बोटं. बाबा मात्र हाताची घडी घालून बाजूला उभे. "यंत्राला तेल घालावं, कुंकू नव्हे," हे त्यांचं दरवर्षीचं वाक्य. आई दातओठ खात पुटपुटायची, "तेल घालणारे खूप आहेत. कुणीतरी कुंकूही लावायला नको का?" माझं मन आईकडे. काम सुरू करायच्या आधी त्या वस्तूला नमस्कार करावा, हे मला तेव्हाही पटायचं आणि आजही नवा मिक्सर आला की मी आधी कुंकवाची डबी शोधते.

त्या वर्षी लोकसभेची निवडणूक लागली आणि बाबांना केंद्रप्रमुखाच्या ड्यूटीची ऑर्डर आली. सरकारी कारखान्यातल्या माणसांना ही ड्यूटी यायचीच. लोक ती टाळायला आजारी पडायचे. बाबांनी मात्र नियमांचं पुस्तक आणून त्याला खाकी कव्हर घातलं. आठवडाभर जेवताना आम्हाला कलमं ऐकावी लागली. मतपत्रिका कशी घडी घालायची, लाख कशी वितळवायची, कुठलं मत बाद होतं. त्यातलं एक कलम त्यांनी इतक्यांदा सांगितलं की मला पाठ झालं: मतपत्रिकेवर कुणी मत दिलं हे ओळखू येईल अशी खूण असेल, तर ते मत बाद. तेव्हा यंत्रं नव्हती. कागदावर शिक्का मारायचा, घडी घालायची आणि लोखंडी पेटीच्या फटीतून आत सरकवायची.

मतदानाच्या आदल्या दिवशी बाबा पेटी, कागदपत्रं आणि बरोबरचे कर्मचारी घेऊन त्या शाळेवर मुक्कामाला गेले. शाळा आमच्या घरापासून दोन बस बदलून. संध्याकाळी आईने डबा भरला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दहीभात, वर लिंबाचं लोणचं. आणि डब्याच्या पिशवीत एक छोटी डबी टाकली. "बाबांना सांग, पेटीला बोट लावा म्हणावं. देशाचं काम आहे." कोरडं कुंकू सांडतं म्हणून तिने त्यात चांगलं चमचाभर खोबरेल तेल घालून कालवलं होतं. मी म्हटलं, आई, बाबा मला तिथेच उलटी करून बघतील! ती म्हणाली, "मग तू लाव. तुझा हात लक्ष्मीचा आहे."

मी पोचले तेव्हा बाबा शाळेच्या फाटकाबाहेर घरची टेप घेऊन रस्ता मोजत होते. केंद्रापासून शंभर मीटरवर खडूची रेघ ओढायची असते, तिच्या आत प्रचार नाही. सरकारी माणसं ही रेघ अंदाजानेच ओढतात, पण बाबा दोनदा मोजून खात्री करत होते. मला हातानेच खूण केली, आत ठेव डबा. वर्गात पेटी टेबलावर, झाकण उघडं. दारात पोलीस पाठमोरा उभा होता. बाहेरून लावलं तर बाबा पुसणार हे मला माहीत होतं. म्हणून मी झाकणाच्या आतल्या बाजूला, फटीच्या अगदी कडेला, पाच बोटं उठवली. चांगली ठसठशीत. नमस्कार केला, रुमालाला हात पुसले आणि बाहेर आले. किती बरं वाटलं मला तेव्हा म्हणून सांगू! आख्ख्या देशात कुणी केलं नसेल असं काहीतरी आपण केलं, अशा थाटात मी घरी आले.

मतदान छान पार पडलं. बाबा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले ते दमलेले पण फुललेले. एक तक्रार नाही, एक कागद कमी नाही. आईने त्यांच्या पायाला तेल चोळून दिलं आणि माझ्याकडे बघून हळूच डोळा मिचकावला. लक्ष्मीचा हात!

पुढे मोजणी आली. तेव्हा ती दोन-दोन दिवस चालायची आणि टीव्हीवर आकड्यांच्या मध्येमध्ये सिनेमे दाखवायचे. नायक-नायिका झाडाभोवती फिरत असताना मध्येच गंभीर चेहऱ्याचा माणूस येऊन जागा सांगायचा. अण्णा त्यांच्या उमेदवाराचे प्रतिनिधी म्हणून मोजणीच्या ठिकाणी गेले होते. बाबांनी रजा टाकली होती. आम्ही तिघं आणि अक्का खाली टीव्हीसमोर. अक्कांनी बिशीबेळे भात केला होता, आई कुरडया तळत होती. दुपारपर्यंत एक गोष्ट पक्की झाली, दिल्लीत कुणालाच बहुमत मिळत नव्हतं. बाबा कागदावर बेरजा मांडत होते. "हे आणि हे एकत्र आले तर होतंय. पण मग एकेक जागा महत्त्वाची," ते म्हणाले. "आपलीसुद्धा." आपली जागा म्हणजे आमच्या मतदारसंघाची. तिथे दोन उमेदवारांत अगदी हातघाईची चुरस होती.

इतक्यात फाटक वाजलं. अण्णा घामाघूम, मागे एक सरकारी जीप. ते आत आले नाहीत, पायरीवरच उभे राहिले. "साठे सार, स्वल्प बाहेर या की." बाबा गेले. आम्ही तिघी दारात. "तुमच्या केंद्रातली मतं सगळी लाल आहेत की."

"लाल म्हणजे?"

"कागदावर लाल रेघ. एकावर नाही, गठ्ठाच्या गठ्ठा. आमच्या टेबलावर निघाली. खूण केलेली मतं बाद, हा तुमचाच नियम की नाही? मी हरकत घेतली. साहेबांनी तुम्हाला बोलावलंय." मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "लय घोळ आहे सार. कोणतरी म्हणत होतं, पेटी वाटेत उघडली असणार. कोणतरी म्हणत होतं, केंद्रप्रमुख सस्पेंड."

ती मतं बहुतेक दुसऱ्या उमेदवाराची होती, हे अण्णांनी सांगितलं नाही, पण बाबांना ते कळलं. ती बाद झाली की अण्णांचा माणूस निवडून येणार होता. बाबांचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. ते रागावलेले नव्हते. ते आठवत होते, एकेक पायरी, कुठे चुकलं, कुठे चुकलं. "मी स्वतः लाख लावली," ते स्वतःशीच म्हणाले. "पेटी रिकामी दाखवली सगळ्यांना. शिक्क्याची शाई जांभळी होती. लाल कुठून येईल?" कढईत आईची कुरडई काळी व्हायला लागली होती आणि कुणी गॅस बंद करत नव्हतं.

माझ्या डोळ्यांसमोर ती डबी आली. कुंकू आणि खोबरेल. फटीच्या कडेला. घडी घातलेला प्रत्येक कागद त्याला घासून आत गेला असणार. आज मला विचाराल तर त्या मिनिटात गप्प बसणं सोपं होतं. कुणाला कधीच कळलं नसतं. पण बाबांची नोकरी जाणार, घर जाणार, आणि वर बाबा जन्मभर 'कुठे चुकलं' म्हणत बसणार. ते मला सहन होईना. मी मोठ्याने रडायलाच लागले. "बाबा, मी लावलं. कुंकू. झाकणाला आतून."

"मी दिलं होतं तिला," आई लगेच म्हणाली. हातात झारा तसाच. "पोरीला काही बोलू नका. डबी माझी, तेल माझं, बुद्धीही माझीच."

मला वाटलं आता वीज पडणार. बाबा पायरीवर खाली बसले. "आतून?" त्यांनी विचारलं. "खालच्या बाजूला?" मी मान हलवली. आणि काय सांगू, त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की अक्कांनी तांब्याभर पाणी आणलं. "म्हणजे पेटी कुणी उघडली नाही," ते म्हणाले. "देवा, पेटी कुणी उघडली नाही." मग उठले, चप्पल घातली आणि मला म्हणाले, "चल. नमुना बरोबर पाहिजे." तो नमुना म्हणजे मी.

मोजणी एका कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये होती. टेबलांच्या रांगा, जाळ्या, माणसांचा गलका आणि पंख्यांचा घरघराट. मुख्य अधिकारी एक बाई होत्या, सुती साडीतल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांच्यासमोर आमच्या केंद्राची मतं वेगळी काढून ठेवली होती. खरंच, प्रत्येक मतपत्रिकेच्या पाठीवर लाल फराटा. दोन्हीकडचे प्रतिनिधी एकमेकांच्या अंगावर धावून जात होते आणि अण्णा जाळीपलीकडे, आमच्याकडे न बघता उभे. बाईंनी कन्नडमध्ये विचारलं, काय प्रकार आहे? बाबांना कन्नड यायचं, पण त्यांनी सांगत बसण्यापेक्षा दाखवायचं ठरवलं. ते म्हणाले, "मॅडम, मला ती पेटी आणि एक कोरा कागद द्या."

रिकाम्या पेट्यांच्या ढिगातून आमची पेटी शोधून आणली. बाबांनी तिचं झाकण उघडलं आणि आयुष्यात शेकडो वेळा आम्हाला सांगितलं ते केलं, उलटं करून दाखवलं. माझी पाच बोटं तिथे होती. तीन फराटली होती, दोन जशीच्या तशी. बाईंनी मला हात पुढे करायला लावला. माझी बोटं त्या ठशांवर टेकवली तर नेमकी बसली. मग बाबांनी झाकण लावलं, कोऱ्या कागदाला मतदार घालतात तशी घडी घातली, फटीतून आत सरकवला आणि बाहेर काढून टेबलावर ठेवला. त्याच जागी तसाच फराटा. दोन्हीकडचे प्रतिनिधी तो बघायला टेबलावर वाकले.

"चूक माझी आहे," बाबा म्हणाले. "पेटी मी तपासून घेतली आणि झाकणाची खालची बाजू पाहिली नाही. बावीस वर्षं तपासणीत आहे, मॅडम. मुलगी अजाण आहे, तिचं नाव लिहू नका. माझं लिहा." सतराव्या वर्षी 'अजाण' म्हटलेलं मला कुठल्याही दुसऱ्या दिवशी झोंबलं असतं.

बाईंनी मतपत्रिकांचा एक गठ्ठा हातात घेऊन पिसला. एकेकीची पाठ बघितली. मग दोन्ही बाजूंच्या माणसांना जवळ बोलावून म्हणाल्या ते वाक्य मी अजून विसरले नाही. त्या म्हणाल्या, "खुणेवरून मतदार ओळखू आला तर मत बाद. इथे सगळ्यांनाच एक खूण आहे. मग यातून कोण ओळखू येतं? कुणीच नाही." मतं ग्राह्य. लिहा. पुढचं टेबल. एवढं म्हणून त्या वळल्या आणि जाता जाता माझ्याकडे बघून कन्नडमध्ये म्हणाल्या, "परत आतून लावू नकोस हं." हसल्या की काय, मला नीट दिसलं नाही, डोळे भरले होते.

कॉलेजबाहेर एक उभ्याने खायचं हॉटेल होतं. बाबा बाहेरचं कधी खायचे नाहीत. त्या दिवशी काउंटरवर जाऊन म्हणाले, "दोन चौ-चौ भात." तिखट उपमा आणि गोड केशरी शिरा एकाच ताटलीत. आम्ही दोघं उभ्याउभ्या खात होतो. माझी ताटली संपल्यावर बाबांनी आपल्यातला शिरा माझ्याकडे सरकवला. इतकं हलकं मला पुढे लग्न ठरल्यावरही वाटलं नाही.

अण्णांचा माणूस थोडक्यात पडला. दोन दिवस खालचं दार बंद. वाडगा वर आला नाही, थालिपीठ खाली गेलं नाही. आई म्हणायची, घर सोडावं लागणार बहुतेक. बाबा म्हणायचे, त्यांनी हरकत घेतली ती नियमाने घेतली, आपण कशाला राग धरायचा. पण त्यांनाही चैन नव्हतं. टीव्ही नाही, म्हणून वर ट्रान्झिस्टर कानाला लावून बसायचे. दिल्लीत कोण कुणाकडे गेलं, कोणी बाहेरून पाठिंबा दिला, कोण रुसलं, कोण परत आलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बातमी आली. जमलं सरकार. पाच-सहा पक्षांची मोट. आणि त्या मोटेत अण्णांचा पक्ष होता आणि त्यांच्या माणसाला पाडणाऱ्याचाही!

जिन्यावर पावलं वाजली. अण्णा दारात, हातात चित्रान्नाचा वाडगा. "साठे सार," ते म्हणाले, "ती लाल मतं पण आता आमचीच झाली की." आणि स्वतःच पोट धरून हसायला लागले. बाबाही हसले. आईने तिथल्या तिथे थालिपीठ थापायला घेतलं. त्या रात्री आम्ही सगळे खाली बातम्या बघत बसलो होतो आणि बाबांनी अक्कांच्या कॉफीचा दुसरा कप मागून घेतला.

महिन्याभराने बाबांना मेमो आला. यापुढे काळजी घ्यावी, एवढीच ताकीद. बाबांनी तो उलटा करून बघितला, मागे काही नव्हतं, आणि फायलीत लावला. पुढे ते सरकार फार टिकलं नाही. आघाडीच ती, एक दिवस मोडली. पुन्हा निवडणूक लागली आणि बाबांना पुन्हा ऑर्डर आली. मला वाटलं होतं, त्यांना कुणी आता विचारणारही नाही. तोवर मी मतदार झाले होते.

ड्यूटीवर निघायच्या दिवशी सकाळी आईने डबा भरला, पिशवीत वरखाली कुठेही डबी नव्हती, ते बाबांनी स्वतः तपासलं. चप्पल घातली. दारात थांबले. "मेधे," त्यांनी हाक मारली, "कुंकू आण." मी डबी आणली. बाबांनी चष्मा काढला आणि माझ्यासमोर मान वाकवली, जे एरवी दिवाळीत ओवाळतानाही मला कपाळाला जेमतेम बोट टेकवू द्यायचे.

"पेटीला नको," ते म्हणाले. "मला लाव. आणि हे बघ, तेल घालू नकोस."